आठवा खांब

“किती खोल घेतलाय खड्डा?”

मानसिंगराव इंगवले काठी टेकवून खड्ड्याच्या काठावर उभे होते. मी आत होते, कमरेपर्यंत मातीत.

“तीन फूट, अण्णा. तळाला दगडगोट्यांचं सोलिंग, त्यावर काँक्रीट. लाकूड मातीला शिवणारसुद्धा नाही.”

“मग खांब उभा कशावर राहणार?”

“काँक्रीटमध्ये जाड सळई उभी रोवायची. ओंडक्याच्या बुडाला दीड फूट भोक पाडायचं आणि ओंडका वरून सळईवर उतरवायचा. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, त्यातून आरपार बोल्ट. खांब जमिनीपासून तीन बोटं वर राहील. पाणी निचरून जाईल, आणि वाळवी चढली तर डोळ्यांना दिसेल.”

अण्णांनी मान हलवली. “चांगलं. भिंत नाही, कशाचा टेकू नाही, नुसता मोकळ्यावर उभा राहणारा मांडव. चारी बाजूंनी वारा घुसतो आणि छप्पर खालून उचलतो. माझ्या नातीचं लग्न लागणार आहे याच्याखाली. कसूर चालायची नाही. एकदा हात पोळलाय माझा.”

“काय झालं होतं?” मी विचारलं.

मला ठाऊक होतं काय झालं होतं. पण मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

“कातरवाडीचा एक सुतार होता, दौलती म्हणून. त्याला मी सळया आणून दिल्या. त्यानं त्या भंगारात घातल्या आणि खांब पुरले नुसते मातीत. पहिल्याच वळवाला मांडव आडवा झाला. एका बाईची कंबर मोडली. दारू, दुसरं काय!”

“पुढं काय झालं त्याचं?”

“व्हायचंय काय? गेला असंल मरून कुठंतरी.”

मी खाली वाकले आणि खड्ड्याच्या तळाची सुटी माती घमेल्यात भरायला लागले. दौलती सुतार माझा बाप. त्याला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. आणि आयुष्यात त्यानं दारूचा थेंब घेतलेला नव्हता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी पस्तिशीची होते. लग्न होऊन उंब्रजला आलेली, सुगंधा पांचाळ. सुतारकाम मी नानाच्या, म्हणजे बापाच्याच, हाताखाली शिकले, पुढं आयटीआयचा कोर्स केला. साली काढलेले, न तासलेले गोल ओंडके जसेच्या तसे उभे करून मांडव बांधायचे, हे माझं खास काम. एका शाळेच्या आवारात मी बांधलेला असा मांडव अण्णांनी पाहिला आणि फोन केला. नाव ऐकून मी “दोन दिवसांनी सांगते,” म्हणून फोन ठेवला, आणि दहाव्या मिनिटाला मीच उलटा फोन करून हो म्हणाले. त्यांनी मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. सुताराच्या पोरीकडं त्यांनी कधी मान वर करून पाहिलेलंच नव्हतं.

मी मात्र त्यांना रोज पाहत होते. एकोणीस वर्षांची असताना पाहिलं होतं ते जसंच्या तसं डोळ्यांपुढं होतं.

तेव्हा अण्णांनी कातरवाडीच्या माळावर शहरातल्या पाहुण्यांसाठी जेवणाचा मांडव उभारला होता. तो पडला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी गाव भैरोबाच्या पारावर गोळा केलं. नानाला मध्ये उभं केलं. हा दारू पिऊन कामावर आला, ह्यानं सळया विकून खाल्ल्या, ह्याच्यामुळं गजराबाई दवाखान्यात पडलीय, असं सगळं सांगितलं आणि म्हणाले, “नाक घास. गावाच्या समोर घास.”

मला वाटलं, नाना आता बोलेल. सळया आल्याच नव्हत्या हे मला माहीत होतं. मी त्याला घरात चिडून बोलताना ऐकलं होतं, “सळया देत न्हाई आन् म्हणतो मातीत पूर.” पण नाना एक शब्द बोलला नाही. गुडघे टेकले आणि पाराच्या दगडावर नाक घासलं. तीन वेळा. उठला तेव्हा नाकाच्या शेंड्यावरून रक्त ओघळत होतं. त्यानंतर त्यानं लाकूड तासायचा वाकस हातात धरला नाही. सहा वर्षं दुसऱ्याच्या बांधावर गवत कापत काढली आणि गेला.

नाना गप्प का बसला, हे मला कधीच कळलं नाही. भ्याला, असंच मी धरून चालले होते. आणि त्या भिण्याचा सूड घ्यायचा ठरवून मी या कामावर आले होते.

खरं सांगायचं तर पहिला विचार फार वाईट होता. उंब्रजहून निघताना मी आठ आखूड सळया कापून आणल्या होत्या. ओंडक्यात दीड फुटांऐवजी चार बोटंच शिरतील अशा. वरून काही दिसलं नसतं. पट्ट्या दिसल्या असत्या, बोल्ट दिसले असते, आणि कुठल्यातरी वैशाखात सगळं उचललं गेलं असतं. ती पिशवी मी तीन दिवस बरोबर बाळगली. चौथ्या दिवशी धोंडू गवंड्यानं काँक्रीट कालवायला घेतलं, तेव्हा मी ती उघडली.

धोंडूनं आत डोकावून पाहिलं. “ह्या कशाच्या, ताई? लईच आखूड हायत.”

“चुकून आल्यात,” मी म्हणाले.

मन पाघळलं म्हणून मी थांबले असं कुणी समजू नये. नवरीचाही विचार मनात आला, नाही असं नाही. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मांडव पडला असता तर अण्णांनी पुन्हा सुतारावरच ढकललं असतं. आणि त्यात ते मेलेच असते, तर मेलेला माणूस कबुली देत नाही. मला ते जिवंत हवे होते. तोंड चालू असलेले.

म्हणून मी लांब सळया घातल्या आणि जीव ओतून काम केलं. साग जातिवंत होता, पण प्रत्येक ओंडक्याचं वळण वेगळं. कुणाला मध्येच बाक, कुणाला वर बेचकं. कुठला ओंडका कुठल्या सळईवर, कुठल्या बाजूला तोंड करून, त्याच्या डोक्याला कुठली तुळई कशी बसणार, हे सगळं मी जमिनीवर एकदा आडवं मांडून जुळवलं. खुणा मात्र लाकडावर केल्या नाहीत, माझ्या वहीत केल्या. मग तिपाईला चेनपुली लावून एकेक ओंडका वर घ्यायचा, ओळंब्यात धरायचा, सावकाश सळईवर उतरवायचा. सळई बुडात शिरताना लाकूड एक बारीक हुंकार दिल्यासारखा आवाज करतं. प्रत्येक वेळी तो आवाज आला की मी मनात म्हणायचे, एक. दोन. तीन.

सात झाले तेव्हा लग्नाला पाच दिवस उरले होते. आठवा खांब दर्शनी होता. त्याच्यावर मधली तुळई टेकणार होती. तो उभा राहिल्याशिवाय छप्पर चढत नव्हतं.

त्या सकाळी मी कामाला हात लावला नाही. आठव्या ओंडक्यावर बसून राहिले.

अण्णा आले. “हा का आडवा अजून?”

“हा उभा राहायचा नाही.”

“का? किडका निघाला का?”

“नाही. अण्णा, मी दौलती सुताराची मुलगी.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सात खांबांकडं पाहिलं. एकेका खांबाच्या बुडाशी त्यांची नजर जाऊन आली. त्यांना काय वाटलं ते मला कळलं.

“घाबरू नका,” मी म्हणाले. “सातही पक्के आहेत. तुम्ही माझ्या बापाकडून करून घेतलंत तसलं काम मी करत नाही.”

“काय पाहिजे तुला?”

“कातरवाडीच्या पारावर यायचं. खरं काय झालं ते गावाला सांगायचं. आणि जे त्याला करायला लावलंत, ते करायचं.”

“वेड लागलंय तुला. सोळा वर्षं झाली त्याला.”

“मी मोजलीत.”

“ही सरळसरळ अडवणूक आहे.”

“आहे. अडवणूकच आहे.”

त्यांनी काठी आपटली. पोलिसांचं नाव काढलं, तालुक्यात कुणी काम देणार नाही म्हणाले. मी वही पोटाशी धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “तुझ्यासारखे छप्पन सुतार आणीन.”

“आणा.”

दुपारी कराडहून दोघं आले. त्यांनी आठवा ओंडका फिरवून पाहिला, तुळया पाहिल्या, वर बघत मांडवाभोवती दोन चकरा मारल्या. त्यातला म्हातारा सुतार माझ्याकडं बघून हसला आणि अण्णांना म्हणाला, “साहेब, हे जिनं मांडलंय तिलाच उमगणार. आम्ही हात घातला तर सगळं उतरवून पहिल्यापासून लावावं लागंल. पंधरा दिवस तरी धरा.”

संध्याकाळी अण्णा पुन्हा आले, एकटे. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, “किती लोक असतील?”

“त्या दिवशी होते तेवढे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कातरवाडीत घरोघर फिरले. माहेर माझं, पण नानाच्या मागं त्या गावात मी मान वर करून चालले नव्हते. त्या दिवशी चालले. सगळ्यात शेवटी गजराआत्याच्या दारात गेले.

गजराआत्या म्हणजे तीच, मांडवाखाली सापडलेली. पाहुण्यांना वाढायच्या कामावर होती. तुळई कमरेवर पडली, तेव्हापासून ती डावा पाय ओढत चालायची. सोळा वर्षं आमच्या घराशी तिचं बोलणं नव्हतं. इंगवल्यांचं ऐकून ती नानावर उगाच राग धरून बसलीय, असं मला वाटायचं. तिलाच तर मला सगळं ऐकवायचं होतं.

ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती.

“आत्या, चार वाजता पारावर ये. इंगवलेअण्णा येणार आहेत.”

“मी कशाला येऊ?”

“त्या दिवशीचं खरं काय ते ऐकायला.”

तिनं सुपातून मान वर केली.

“खरं ऐकायचंय तुला?” ती म्हणाली. “येते.”

चार वाजता पार भरला. माझी आई पुढं येऊन बसली नाही, पलीकडं कडुनिंबाला टेकून उभी राहिली. अण्णांनी गाडी लांब लावली आणि काठी टेकत आले. सत्तरीच्या पुढचे होते. पाराच्या मधोमध उभे राहिले आणि खाली बघून बोलायला लागले.

“मी त्या वेळी जे सांगितलं ते खरं नव्हतं. दौलतीला मी सळया दिल्याच नव्हत्या. तो मागत होता. उद्घाटन तोंडावर आलं होतं, पाव्हण्यांना तारीख दिली होती, काँक्रीट मुरायला दिवस नव्हते. मी म्हटलं, मातीत पूर, पावसाळ्यानंतर बघू. तो नाही म्हणाला. दोनदा नाही म्हणाला. मी म्हटलं, मग दुसरा सुतार आणतो. तेव्हा त्यानं पुरले.”

“आणि दारू?” मी विचारलं.

“दारू प्याला नव्हता. ते मी रचलं.”

लोकांत कुजबुज झाली. कुणीतरी “अरं देवा” म्हणालं. सोळा वर्षं मी हे शब्द मनात घोकले होते. पण तेवढ्यावर माझं पोट भरलं नाही.

“आता नाक घासा,” मी म्हणाले.

“सुगंधा, म्हातारं माणूस हाय,” मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात गजराआत्याचा आवाज आला. “कुणी अडवू नगा त्याला. घासू दे. मग मला बोलायचंय.”

अण्णांनी काठी खाली ठेवली. एक गुडघा टेकला, मग दुसरा. हात दगडावर ठेवून वाकले आणि नाक घासलं. तीन वेळा. मी मोजलं. नजर काढली नाही. त्यांना उठायला कुणी हात दिला नाही, त्यांचे ते उठले, आणि मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा झाला तो निव्वळ आनंद होता.

गजराआत्या बसल्या जागेवरून म्हणाली, “झालं का तुझं, सुगंधा? आता मी इचारते त्याचं उत्तर दे. खांब नुसतं मातीत हायत, हे तुझ्या बापाला ठावं व्हतं का?”

“त्याला भाग पाडलं होतं, आत्या. आत्ताच सांगितलं ना यांनी...”

“ठावं व्हतं का?”

“होतं.”

“त्या दिवशी दुपारी वारा उठला. पत्रं वाजाया लागलं, खांब कुरकुरायला लागलं. मी हातातली भाकरीची टोपली खाली ठिवली आन् भाईर निघाले. तुझा बाप मांडवाच्या तोंडाशी उभा व्हता. हे अण्णा त्याच्या शेजारी. मी इचारलं, दौलूनाना, पडंल का वं हे? तुझ्या बापानं आधी अण्णांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, काय व्हत न्हाई गजरे, जा आत, पाव्हणी जेवत्यात. म्हणून मी माघारी गेले.”

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती. मी आईकडं पाहिलं. तिनं तोंडाला पदर लावला होता आणि ती रडत नव्हती. तिला हे माहीत होतं.

“मग सोळा वर्षं बोलली का नाहीस?” मी विचारलं.

“कसं बोलू? ह्यानं लबाडी करून सगळं तुझ्या बापाच्या माथी मारलेलं. त्यात मी माझं खरं सांगितलं असतं, तर ह्याच्या लबाडीवर शिक्का बसला असता. हा सुटला असता साफ. म्हणून गप बसले. वाट बघितली. ह्यानं ह्याचं सांगितलं तर मी तुझ्या बापाचं सांगीन, असं ठरवलं व्हतं. आज त्यानं सांगितलं.”

ती हातावर जोर देऊन उठायला लागली. मी धावत गेले आणि हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. पाराच्या कठड्याला धरून, डावा पाय ओढून, तिची ती उभी राहिली.

“तुमचं दोघांचं फिटलं,” ती म्हणाली. “त्यानं तुझ्या बापाला नाक घासाय लावलं, तू त्याला लावलंस. माझं मी कुणाकडं मागू?”

ती गेली. गर्दीनं तिला वाट करून दिली. नाना त्या दिवशी एक शब्दही का बोलला नाही, ते मला तिथं, त्या पारावर उभ्याउभ्या कळलं. तो अण्णांना भ्याला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आठवा खांब उभा केला. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. नाकाच्या शेंड्याची साल निघाली होती. ओंडका सळईवर उतरला, मी पट्ट्या बसवल्या, बोल्ट आवळले.

“आता तरी समाधान झालं ना तुझं?” त्यांनी विचारलं.

मी ओळंबा पुन्हा एकदा लावून पाहिला. खांब सरळ होता. छप्पर चढलं, लग्न लागलं. मांडव अजून आहे. त्यानंतरचे बारा वळव त्यानं अंगावर घेतले.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी कातरवाडीला गेले. गजराआत्याचं दार उघडं होतं. ती चुलीपुढं होती. मला बघून उठली नाही.

“कशाला आलीस?”

“नानाच्या वतीनं तुझी...”

“त्याच्या वतीनं नगं. तो जित्ता असताना सहा वर्षं ह्याच गावात व्हता. माझं दार त्याला दिसत व्हतं.” तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “माझं सोळा वर्षांचं दुखणं तू तुझ्या सुडाला वापरलंस. मला बलावलंस ते त्याच्यापायीच. तुझ्या वतीनं काय सांगायचं असंल तर सांग.”

मी उंबऱ्याबाहेर उभी होते. गावात घरोघर फिरताना मी नानाचं नाव शंभर वेळा घेतलं होतं. आत्या उठते कशी, बसते कशी, पाण्याचा हंडा कोण आणून देतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आत्या वाट बघत होती. भाकरी तव्यावर करपायला लागली तेव्हा ती वळली. तिनं दार लावलं नाही, आणि आत ये असंही म्हणाली नाही.